विसंबणे आणि फरलासन

आई लेकराला क्षणभर विसंबत नाही असे आपण म्हणतो, आणि 'भावावर विसंबून राहिला आणि बुडाला' असेही म्हणतो. क्रियापद एकच. पहिल्या वाक्यात त्याचा अर्थ सोडून जाणे, नजरेआड करणे, विसरणे. दुसऱ्या वाक्यात भार टाकणे, भरवसा धरणे. ज्याला विसंबायचे तो दूर राहतो आणि ज्याच्यावर विसंबायचे तो जवळचा होतो. एवढा फरक एका 'वर' या शब्दयोगी अव्ययाने पडतो. जुन्या मराठीत, ओव्या-अभंगांत, पहिला अर्थ ठसठशीत आहे. आजच्या बोलण्यात तो नकारापुरताच उरला: 'न विसंबता', 'विसंबत नाही'. 'आई लेकराला विसंबली' असे होकारार्थी वाक्य कोणी करत नाही, पण ऐकले तर अर्थ कळतो आणि वाईट वाटते.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या किंवा मॅक्सम्युलर भवनाच्या वर्गात जर्मन शिकणाऱ्यांना, आणि आता नोकरीनिमित्त थेट श्टुटगार्ट-म्युनिकला उतरून संध्याकाळचा वर्ग गाठणाऱ्यांनाही, कधी ना कधी 'फरलासन' हे क्रियापद भेटते. 'एर हाट झाइनं फ्राउ फरलासन' म्हणजे तो बायकोला सोडून गेला. 'एर फरलेस्ट झिख आउफ झाइनं फ्राउ' म्हणजे तो बायकोवर विसंबून आहे. इंग्रजीतून जर्मन शिकणाऱ्याला इथे ठेच लागते. सोडून जाणे आणि भरवसा ठेवणे यांना एक शब्द कसा, हे त्याला पाठच करावे लागते. मराठी माणसाला खरे तर लागू नये. त्याच्या घरात तोच शब्द तसाच दुहेरी पडून आहे. पण आपणही जर्मन शिकतो ती इंग्रजीच्या खांद्यावर बसून, त्यामुळे हे साम्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. मला तरी ते फार उशिरा लक्षात आले.

साम्य योगायोगाचे असेल, पण त्यामागची समजूत एकच दिसते. 'लासन' म्हणजे सोडणे, राहू देणे. 'झिख फरलासन' म्हणजे स्वतःला सोडून देणे, कोणाच्या तरी अंगावर. मराठी क्रियापदाच्या कुळात संस्कृतातला 'विश्रंभ' मानतात. त्याचा अर्थ विश्वास, मोकळेपणा. आणि धातुपाठ या 'श्रंभ्' धातूचा अर्थ देतो प्रमाद, म्हणजे बेसावधपणा. विश्वास ठेवणे हे पहारा उठवणे आहे, हे दोन्ही भाषांनी शब्दाच्या पोटातच लिहून ठेवले. ज्याच्यावर विसंबलो त्याच्याकडे लक्ष ठेवायचे नसते. लक्ष ठेवावे लागत असेल तर आपण विसंबलेलोच नाही.

म्हणूनच दोन्ही भाषांतल्या शहाण्यासुरत्यांनी या शब्दाची भीती घातली आहे. दुसऱ्यावर भिस्त टाकणाऱ्याचे काम बुडते, हा समर्थांचा उपदेश मराठी शाळांच्या फळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेला. जर्मनांची म्हण तर शब्दावरच खेळते: 'वेअर झिख आउफ आंडेरं फरलेस्ट, इस्ट फरलासन'. जो दुसऱ्यांवर विसंबतो, तो टाकला जातो. मराठीत तोच खेळ उतरवायचा तर 'जो दुसऱ्यावर विसंबला, त्याला दुसऱ्याने विसंबले' असे म्हणावे लागेल. आपल्याकडे भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो. जर्मन म्हणीत गोठा नाही, पण दुःख तेच. गंमत अशी की एवढी भीती घालूनही जर्मन भाषेतली कामाच्या माणसाची मोठी शाबासकी याच शब्दातून निघते. 'त्सूफरलेसिग', म्हणजे ज्याच्यावर विसंबता येते असा. नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या प्रशस्तिपत्रात हा शब्द नसेल, तर पुढचा मालक त्या रिकाम्या जागेकडेच बोट ठेवतो. अशा पत्रात उघड निंदा करायची नाही असा दंडक आहे, त्यामुळे न लिहिलेले शब्दच जास्त बोलतात.

विसंबण्याचा सख्खा शेजारी 'अवलंबून असणे'. याचीही जर्मन जोडी विलक्षण जुळते. 'लंब्' म्हणजे लोंबणे. 'आबहेंगिग' मधला 'हेंगन' म्हणजेही लोंबणे. एक वस्तू दुसरीला लटकलेली. लॅटिनातून इंग्रजीत गेलेल्या 'डिपेंड'मध्येही तेच लोंबकळणे आहे, म्हणजे हे चित्र बऱ्याच भाषांना सुचले. पण जर्मनने ते मराठीपेक्षा फार लांब नेले. दारूच्या, औषधाच्या किंवा जुगाराच्या आहारी गेलेला माणूसही जर्मनमध्ये 'आबहेंगिग'च. मराठी त्याला व्यसनाधीन म्हणते: लटकलेला नव्हे, ताब्यात गेलेला. त्यामुळे मराठीत 'मी मुलावर अवलंबून आहे' हे वाक्य थोडे खिन्न असले तरी सभ्य आहे. जर्मनमध्ये माणसाबद्दल 'आबहेंगिग' म्हटले की त्यात आजाराचा वास येतो.

म्हणून जर्मन माणूस तिसरा शब्द काढतो: 'आनगेवीझन'. व्याकरणदृष्ट्या हे 'आनवाइझन'चे भूतकालवाचक धातुसाधित. नेमून देणे, दाखवून देणे, पैसे पाठवण्याचा हुकूम देणे असे त्या क्रियापदाचे अर्थ. 'मी तुमच्या मदतीवर आनगेवीझन आहे' म्हणजे परिस्थितीने मला तुमच्याकडे नेमून दिले आहे. यात लाज नाही, लाचारी नाही, ऋणही नाही. जिने चढता न येणारा लिफ्टवर आनगेवीझन असतो, खेड्यातला माणूस मोटारीवर असतो, आणि शेजारी 'आउफआइनांडर आनगेवीझन', एकमेकांकडे नेमून दिलेले. सगळ्या आढाव्यात मला हा शब्द सर्वांत मोलाचा वाटतो, कारण मराठीत त्याला जोडच नाही.

आपले शब्द मोजून पाहावेत. एका फळीवर उबेचे शब्द: आधार, आसरा, सावली, म्हातारपणाची काठी, भरवसा. दुसऱ्या फळीवर लाजेचे: मिंधा, ओशाळा, आश्रित, परावलंबी, ऐतखाऊ, बापाच्या जिवावर जगणारा, आणि सर्वांत जहरी, बांडगूळ. मधल्या जागेत फारसीच्या-अरबीच्या वाटेने आलेले दरबारी-व्यवहारी शब्द: भिस्त, हवाला, मदार. यातला 'मदार' मूळ अरबीत आस, ज्याभोवती फिरायचे ते केंद्र. त्यामुळे सामन्याची मदार गोलंदाजांवर असते, पण आजारी बापाची मदार मुलीवर आहे असे म्हटले की वाक्य एकदम वार्ताहराचे होते. घरातल्या घरात, रोजच्या गरजेबद्दल, ऊब किंवा लाज न मिसळता बोलायचे असेल तर मराठी माणूस अडतो. मग तो इंग्रजीकडे वळतो आणि 'ती सध्या डिपेंडंट आहे' म्हणतो.

बांडगुळाचे थोडे जास्त. हे झाड आंब्याच्या फांदीत मुळे रुतवते आणि त्याचे पाणी पिते, पण पाने हिरवी ठेवून स्वतःचे अन्नही थोडे बनवते. म्हणजे अर्धे परजीवी. जर्मनीत सफरचंदाच्या आणि पॉपलरच्या झाडांवर तसलेच 'मिस्टेल' वाढते, हिवाळ्यात पाने झडली की फांद्यांत हिरवे गोळे लटकलेले दिसतात. जर्मनमध्ये फुकट्याला 'श्मारोत्सर' म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्र या झाडाला 'हाल्पश्मारोत्सर', अर्धा फुकट्या, म्हणते. तरी नाताळात तेच मिस्टेल बाजारातून विकत आणून दारावर टांगतात. फुकट्याला दुसरा जर्मन शब्द आहे 'ट्रिटब्रेटफारर', म्हणजे गाडीच्या पायरीवर उभा राहून जाणारा. मुंबईकराला ही शिवी कळायची नाही. आपल्याकडे पायरीवर लटकणाऱ्याच्या खिशात बहुतेक वेळा पास असतो.

शब्दांच्या या घराण्याला जर्मनीत तत्त्वज्ञानाची आणि कायद्याची मोठी पार्श्वभूमी आहे. इमान्युएल कांटने १७८४ मध्ये 'प्रबोधन म्हणजे काय' या प्रश्नाला उत्तर देणारा छोटा निबंध 'बर्लिनिशं मोनाट्सश्रिफ्ट' या मासिकात लिहिला. त्यातला कळीचा शब्द 'उनम्युंडिगकाइट'. दुसऱ्याच्या मार्गदर्शनाशिवाय स्वतःची बुद्धी वापरता न येणे, असा त्याचा अर्थ कांट देतो, आणि त्याचा दोष बुद्धीच्या अभावाला नव्हे, तर धैर्याच्या अभावाला लावतो. शब्दाच्या मुळाशी 'मुंट' आहे: घरच्या कर्त्याची बायकामुलांवरची, अंकितांवरची सत्ता आणि संरक्षण दोन्ही. त्या मुंटखालून सुटलेला तो 'म्युंडिग', म्हणजे सज्ञान, आणि ज्याच्या हाती मुंट तो 'फोरमुंड', पालक. सत्ता आणि संरक्षण एकाच शब्दात असण्याचा आपल्याला अचंबा वाटू नये. 'छत्रछाया' हा शब्द आपण रोज वापरतो आणि छत्र कोणाच्या डोक्यावर असते ते विसरतो.

कांटच्या पुढच्याच पिढीत बर्लिनच्या एका प्रवचनकाराने नेमकी उलटी बाजू घेतली. फ्रीडरिख श्लायरमाखर ट्रिनिटी चर्चमध्ये प्रवचन करी आणि बर्लिन विद्यापीठात धर्मशास्त्र शिकवी. १८२१-२२ मध्ये निघालेल्या त्याच्या ख्रिस्ती श्रद्धेवरील ग्रंथात धार्मिकतेचे सार त्याने एका भावनेत सांगितले: आपण संपूर्णपणे कोणावर तरी अवलंबून आहोत ही जाणीव. शब्द तोच, 'आबहेंगिगकाइट'. त्याच विद्यापीठात शिकवणाऱ्या हेगेलला हे असह्य झाले. १८२२ मध्ये एका शिष्याच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने शेरा मारला की असे असेल तर कुत्रा हाच सर्वोत्तम ख्रिस्ती ठरेल. वारकरी घरात वाढलेल्या वाचकाला हा टोमणा तितका लागणार नाही. आपल्या संतांनी देवाच्या दारचा कुत्रा होण्यात कमीपणा मानला नाही. हेगेलला जे हास्यास्पद वाटले, ते पंढरपूरच्या वाटेवर मागून घेण्याचे पद आहे.

कायद्यात मात्र कांटचा शब्द जिंकला, तोही फार सावकाश. पश्चिम जर्मनीत सज्ञानतेचे वय २१ वरून १८ वर आले १ जानेवारी १९७५ ला. मोठ्या माणसाला न्यायालयाने 'एंटम्युंडिग्ट', म्हणजे सज्ञानपण काढून घेतलेला, ठरवण्याची सोय १९९१ अखेरपर्यंत होती; १९९२ पासून ती गेली आणि तिच्या जागी 'बेट्रॉयुंग' आली. या शब्दात 'ट्रॉय', म्हणजे निष्ठा, इमान, आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाचा आता फोरमुंड नसतो, बेट्रॉयर असतो. मालकी गेली, इमान आले. २०२३ च्या सुधारणेने त्या बेट्रॉयरला स्वतःच्या मताऐवजी वृद्धाच्या इच्छेने चालण्याची अधिक स्पष्ट ताकीद दिली. आणि त्याच दिवसापासून, १ जानेवारी २०२३ पासून, नवरा बेशुद्ध पडला तर बायकोला त्याच्या उपचारांबद्दल सहा महिन्यांपर्यंत निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला. याआधी आगाऊ मुखत्यारपत्र नसेल तर तो आपोआप नव्हता, लग्नाला चाळीस वर्षे झालेली असली तरी. हे ऐकून पहिल्यांदा कोणाही मराठी माणसाचा विश्वास बसत नाही. आपल्याकडे दवाखान्यात सही कोण करणार याची मारामारी असते, पण ती सही नातेवाइकाचीच, यात कोणाला शंका नसते. जर्मन कायदा मात्र गृहीत धरतो की माणूस आधी स्वतःचा.

स्त्रियांच्या बाबतीत हे गृहीत फार उशिरा लागू झाले, हेही सांगितले पाहिजे; नाहीतर जर्मनी म्हणजे स्वावलंबनाचे माहेरघर असा समज व्हायचा. जर्मन दिवाणी संहितेनुसार १ जुलै १९७७ पर्यंत विवाहित स्त्रीने नोकरी करायची ती संसार आणि कुटुंब यांच्या कर्तव्यांत बसेल तेवढीच. त्या तारखेला नवा विवाहकायदा आला आणि अट गेली. म्हणजे आज सत्तरीच्या घरात असलेल्या कित्येक जर्मन आज्यांचे लग्न जुन्या शब्दांखाली लागलेले आहे.

याच्या पन्नास वर्षे आधी एक मराठी स्त्री बर्लिनला शिकायला गेली होती. इरावती कर्वे १९२७ नंतरच्या काळात डालेमच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ऑयगेन फिशरच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. सासरे धोंडो केशव कर्वे. विधवांना आणि मुलींना स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी ज्यांनी हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ काढले, त्यांना सुनेचे हे परदेशगमन पसंत नव्हते. पती दिनकर यांनी पाठिंबा दिला. ते स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. इरावतीबाईंचा प्रबंध कवटीच्या असमान बाजूंविषयी होता, आणि त्या असमानतेचा वंशाशी संबंध लागत नाही असे त्यांच्या मापांतून निघाले. वंशश्रेष्ठतेचे शास्त्र रचणाऱ्या फिशरच्याच संस्थेत हे लिहायला किती पाठकणा लागला असेल! मार्गदर्शकावर अवलंबून असणे आणि त्याच्यावर विसंबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही. पुढे १९५३ मध्ये त्यांनी भारतातल्या नातेसंस्थेवर ग्रंथ लिहिला. कोण कोणाच्या आधारावर जगते याचा आपल्याकडचा सर्वांत बारीक हिशेब त्यात आहे.

आज जर्मनीत येणाऱ्या मराठी स्त्रीची गोष्ट निराळ्या शब्दांत सुरू होते. 'डिपेंडंट व्हिसावर आले' असे ती सांगते. जर्मन कायद्यात असा शब्दच नाही. तिथे आहे 'एहेगाटननाखत्सूग', जोडीदाराचे मागाहून येणे. काम करायची परवानगी तिला पहिल्या दिवसापासून असते. पण अवलंबून असणे शब्दातून गेले तरी तारखेत राहते. तिचा राहण्याचा हक्क नवऱ्याच्या हक्काला टांगलेला असतो, आणि जर्मनीत तीन वर्षे एकत्र संसार झाल्यावरच तिला 'आइगेनश्टेंडिग', स्वतःचा, राहण्याचा हक्क मिळतो. आधी ही मुदत दोन वर्षांची होती, २०११ मध्ये ती तीन केली. संसारात मारहाण किंवा तसाच असह्य त्रास असेल तर तीन वर्षे थांबावे लागत नाही. हा अपवाद कायद्यात आहे आणि तो प्रत्येक मराठी मंडळाच्या सूचनाफलकावर असायला हवा असे मला वाटते, गणपतीच्या वर्गणीच्या शेजारी.

नवऱ्याची स्थितीही शब्दांच्या नजरेतून पाहण्यासारखी आहे. मोटारीच्या कारखान्यात अभियंता, भरभक्कम पगार, गावी आई सांगते आहे की पोरगा पायावर उभा राहिला. जर्मन भाषेतही 'आउफ आइगेनन बाइनन श्टेअन', स्वतःच्या पायांवर उभे राहणे, हाच वाक्प्रचार. पण करविवरण भरायला बसला की त्याच्या पगारासाठी जो पुरवणी अर्ज येतो त्यावर लिहिलेले असते: 'निष्टझेल्बश्टेंडिग' कामातून मिळालेले उत्पन्न. अस्वावलंबी कामातून! आकडेवारीच्या भाषेत तो 'आबहेंगिग बेशेफ्टिग्ट', म्हणजे अवलंबून असलेला कामगार. आणि कोपऱ्यावर चहा-सँडविचची गाडी लावून कर्जाचे हप्ते मोजणारा मात्र 'झेल्बश्टेंडिग'. झेल्बश्टेंडिग म्हणजे शब्दशः स्वतः उभा. ते एका 'एसटी'ने लिहायचे की दोन, यावरही १९९६ च्या लेखनसुधारणेनंतर दोन्ही रूपे चालतात. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या वादांना मग फार एकटे वाटत नाही.

नोकरदाराला 'अवलंबून' म्हणण्यात अपमान का नाही, याचे उत्तर बिस्मार्ककडे आहे. १८८३ मध्ये आजारविमा, १८८४ मध्ये अपघातविमा, १८८९ मध्ये वृद्धत्व आणि अपंगत्वाचा विमा: जगातली पहिली अशी राष्ट्रव्यापी रचना. हेतू दानशूरपणाचा नव्हता. १८७८ मध्ये समाजवाद्यांवर बंदी घातली होती आणि कामगार त्यांच्याकडे झुकत होता. त्याने पक्षावर नव्हे, राज्यावर विसंबावे हा बेत होता. निवृत्तिवेतन सुरू होण्याचे वय ७० ठेवले होते, म्हणजे बऱ्याच जणांचा विसंबण्याआधीच निकाल लागे. पण रचनेत एक बारीक गोष्ट होती. वर्गणी आधी भरायची, मग हक्काने मागायचे. 'आनश्प्रुख' म्हणजे हक्काची मागणी. ज्याने वर्गणी भरली तो कोणाचाच मिंधा नाही. अवलंबून राहण्यातला डंख काढण्याची ही युक्ती मला जर्मनांच्या कोणत्याही यंत्रापेक्षा मोठी वाटते. माणसावर विसंबले की ऋण होते, पेढीवर विसंबले की पावती मिळते.

पावती नसली की डंख परत येतो. करांतून दिली जाणारी, गरज तपासून मिळणारी मदत बोलीभाषेत 'श्ट्युत्स' होते, म्हणजे टेकू. 'टेकूवर जगतो' हे कुजकट वाक्य. २००५ मध्ये आलेल्या सुधारणांना फोल्क्सवागनचे संचालक पेटर हार्ट्स यांचे नाव चिकटले आणि 'हार्ट्स फिअर' हे मदतीचे टोपणनाव झाले. त्यावरून 'हार्ट्सन' हे क्रियापद निघाले, काम न करता लोळत पडणे या अर्थाचे, आणि २००९ मध्ये ते तरुणांच्या बोलीतला वर्षाचा शब्द म्हणून निवडले गेले. २०२३ पासून सरकारने नाव बदलून 'ब्युर्गरगेल्ड', नागरिकांचा पैसा, केले. शब्द बदलला की लाज जाईल अशी आशा होती. ती फार काळ टिकली नाही. भांडण नव्या नावाने सुरूच राहिले.

विम्याची पाचवी शाखा १९९५ मध्ये आली, दीर्घकालीन शुश्रूषेसाठी. 'फ्लेगेबेड्युर्फ्टिग' म्हणजे शुश्रूषेची गरज असलेला. २०२३ अखेरीस जर्मनीत असे सुमारे ५७ लाख लोक होते, आणि त्यांतले ८६ टक्के घरीच राहत होते. वृद्धाश्रमांचा देश म्हणून जर्मनीकडे बोट दाखवणाऱ्यांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा. घरी राहणाऱ्यांची बहुतेक उस्तवार नातेवाईकच करतात, आणि त्यांत बायकाच जास्त. सुरुवातीला या विम्याचा हिशेब मिनिटांचा होता: अंघोळीला किती, जेवायला किती. २०१७ पासून तीनऐवजी पाच श्रेणी आल्या आणि मोजायची गोष्टच बदलली. तपासनीस आता विचारतो की माणूस स्वतः किती करू शकतो. प्रत्येक कृतीपुढे चार घरे: झेल्बश्टेंडिग, बहुतांशी झेल्बश्टेंडिग, बहुतांशी उनझेल्बश्टेंडिग, उनझेल्बश्टेंडिग. स्वतःची निगा राखण्याला ४० टक्के वजन, हिंडण्याफिरण्याला १०. मराठी घरात अशी तपासणी झाली तर दुभाष्याची पंचाईत ठरलेली. 'आजी स्वतः जेवतात का?' 'जेवतात, पण सून भरवते.' भरवणे हा शब्द त्या चार घरांपैकी कशात घालायचा? हात चालत असूनही भरवून घेण्यात आजीला जे मिळते, ते अर्जावर दोष म्हणून नोंदले जाते.

आणि या स्वतंत्र राहण्याला मागच्या दाराने कोण पुरते, हेही पाहिले पाहिजे. घरात राहून चोवीस तास सोबत करणाऱ्या बायका पोलंड, रुमानिया, बल्गेरियातून येतात. २४ जून २०२१ ला संघीय श्रम न्यायालयाने अशाच एका बल्गेरियन स्त्रीच्या खटल्यात निकाल दिला की नुसते हाकेच्या अंतरावर थांबण्याचे तासही किमान वेतनाच्या हिशेबात धरले पाहिजेत. त्यानंतर ही सोय किती घरांना परवडते यावर बरीच चर्चा झाली. एकाचे झेल्बश्टेंडिग असणे दुसरीच्या रात्रीच्या जागरणावर उभे आहे, हे निकालपत्राने तासांत मांडून दाखवले.

मुलांनी आईबापांना सांभाळण्याचे कर्तव्य जर्मन संहितेतही आहे. पण २०२० पासून, वार्षिक उत्पन्न एक लाख युरोंच्या वर असेल तरच सरकार मुलाच्या दारी येते. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने अशी सूट ठेवली नाही. जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी मुलांची अडचण वेगळीच: आईबाप गावी, काठी इकडे. १ मार्च २०२४ पासून नव्याने परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांना बोलावून घेण्याची वाट कायद्याने उघडली, पण त्यांच्या आरोग्यविम्याची सोय करायची कशी इथे बहुतेकांचे घोडे अडते. मग आई तीन महिन्यांच्या व्हिसावर येते, लोणची घालते, परत जाते.

'आनगेवीझन' हा कोरडा शब्द हल्ली सर्वांत जास्त कुठे ऐकू येतो? राजकारण्यांच्या तोंडी. जर्मनी बाहेरून येणाऱ्या कामगारांवर आनगेवीझन आहे, असे वाक्य सगळे बोलतात. 'आबहेंगिग' म्हणायचे टाळतात, कारण तो शब्द रशियन गॅससाठी राखून ठेवला आहे. २०२१ मध्ये जर्मनीच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून अधिक रशियातून येत होता; ऑगस्ट २०२२ अखेरीस नॉर्ड स्ट्रीमच्या नळातून येणारा प्रवाह थांबला आणि अख्खा देश 'आबहेंगिगकाइट' हा शब्द दात खात उच्चारू लागला. व्यापार वाढला की समोरचा बदलतो, या भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला होता. कामगारांच्या बाबतीत मात्र भाषा गोड. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, प्रायोगिक टप्प्यात दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा. मुंबई आणि त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनीशहरे, पण इतकी वर्षे बहिणींचे नाते पाहुणचारापुरते होते. आता एकीला नर्स, वीजतंत्री आणि बसचालक हवे आहेत. गरज त्यांची, पण जर्मन शिकायची आपण, व्हिसासाठी रांगेत उभे राहायचे आपण. कोण कोणावर विसंबले आहे हे करारात लिहिलेले नसते.

जर्मनांचा स्वतःच्या व्यवस्थेवरचा 'फरलास', म्हणजे भरवसा, हल्ली थोडा उसवला आहे. त्याचे रोजचे माप म्हणजे रेल्वे. २०२४ मध्ये डॉइश बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या. वेळेवर म्हणजे सहा मिनिटांहून कमी उशीर, आणि रद्द झालेली गाडी या हिशेबात धरतच नाहीत. फलाटावर उभा असलेला जर्मन माणूस त्या क्षणी दोन्ही अर्थांनी 'फरलासन' असतो. मराठी माणूस शेजारी शांत उभा असतो. त्याने कल्याण-कसाऱ्यावर तालीम केलेली असते.

शब्दांचे काम कोणाच्या भरवशावर चालते याचीही एक जर्मन गोष्ट आहे. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या भावांनी १८३८ मध्ये जर्मनचा महाकोश हाती घेतला. पहिला खंड १८५४ मध्ये निघाला. याकोब अविवाहित, आयुष्यभर भावाच्या कुटुंबातच राहिला. विल्हेल्म १८५९ मध्ये 'डी' अक्षर संपवून गेला, याकोब १८६३ मध्ये 'फ्रुख्ट', म्हणजे फळ, या शब्दाशी थांबला. कोश पुरा झाला १९६१ मध्ये, आणि शेवटची वर्षे पूर्व बर्लिन आणि पश्चिमेतले ग्योटिंगन इथल्या कचेऱ्या एकमेकींवर आनगेवीझन राहून काम करत होत्या. त्याच वर्षी ऑगस्टात भिंत उभी राहिली.

उन्हाळ्यात दक्षिण जर्मनीत गावाबाहेरच्या रस्त्याने जाताना फुलांची शेते लागतात. ग्लाडिओलस, सूर्यफूल, शरदाच्या तोंडावर डेलिया. कडेला फळी, त्यावर दोरीने बांधलेले चाकू, फुलांचे दर, आणि खाली लोखंडी नळीची पैशाची पेटी. हवी तेवढी फुले स्वतः कापायची, पैसे टाकायचे. कोणी फुकटही नेत असेल. शेतकरी कुठे दिसत नाही. तो शेत विसंबून गेला आहे, आणि विसंबूनही आहे.